पगडी, गट्टू आणि एक बडग्या: नागपुरातील एका राजकीय व्यंगचित्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाच्या शहर आवृत्तीतले आहे. दैनिक, नेता, समाज आणि वर्ष यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मी त्या काळी या आवृत्तीत उपसंपादक होतो. त्यामुळे पुढील मजकुराला साक्षीदाराचा आधार आहे, तसाच साक्षीदाराचा कलही असणार, हे वाचकाने गृहीत धरावे.

राजकीय व्यंगचित्र ही गोष्ट नागपूरला कोणी शिकवावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला, इतवारी आणि महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली, नागपूरच्या भोसले घराण्यातील बांकाबाई, अशी लोकसमजूत आहे. म्हणजे उगमापासूनच या मिरवणुकीत राजकारण आहे. मारबतींसोबत बडगे निघतात. बांबू, कागद आणि चिंध्यांचे हे पुतळे त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे खुपत असेल त्याचे असतात: महागाई, भ्रष्टाचार, एखादा नेता, कधी एखादा परदेशी राष्ट्रप्रमुखसुद्धा. त्यांच्या गळ्यात फलक असतो, त्यावर दोन झणझणीत ओळी असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीत त्यांची धिंड निघते. व्यंगचित्राची सगळी सामग्री येथे आहे: अतिशयोक्ती, ओळखू येणारा चेहरा, मथळा आणि खदखदून हसणारी गर्दी. बडग्यामुळे भावना दुखावल्याची तक्रार मात्र क्वचितच ऐकू येते.

छापील व्यंगचित्राचे तसे नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘शंकर्स वीकली’ हे साप्ताहिक आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये बंद पडले. आपल्यालाही सोडू नका, असे ज्यांनी शंकर यांना सांगितले होते, त्या नेहरूंच्या कन्येची ती राजवट होती. महाराष्ट्रात तर १९६० मध्ये ‘मार्मिक’ काढणाऱ्या व्यंगचित्रकाराने सहा वर्षांनी पक्षच काढला. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन कित्येक दशके रोज सकाळी सत्ताधाऱ्यांच्या मागे मुकाट उभा राहिला आणि तो काहीच बोलत नाही, हेच त्याचे बोलणे ठरले. या सर्वांना एक सोय होती, जी त्यांच्या लेखी सोय नव्हतीच: त्यांचे चित्र वाचकाला पूर्ण चौकटीत दिसे, आजूबाजूला त्या दिवसाच्या बातम्या असत आणि वर तारीख असे. आमच्या प्रकरणात नेमकी हीच सोय उरली नव्हती, आणि ते आमच्या लक्षात फार उशिरा आले.

चित्र आणि ती रात्र

त्या पावसाळ्यात शहरातील अनेक वस्त्यांची एकच तक्रार होती. सिमेंटचे नवे रस्ते जुन्या डांबरी रस्त्यांवर चढवल्यामुळे रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याच्या वर गेली होती आणि जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचे पाणी थेट अंगणात, तेथून ओसरीत शिरत होते. रस्त्याच्या कडेला बसवलेले गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, उखडून त्याच पाण्यात तरंगल्यासारखे विखुरलेले असत. ज्या भागात हे सर्वाधिक जाणवत होते, तेथील एक वजनदार नेता या कामांचे श्रेय फलकांवरून घेत होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या समाजाने त्याचा सत्कार केला, त्याला समाजाची मानाची पगडी घातली आणि तो फोटो आमच्याच पानावर तीन कॉलमांत छापून आला.

आमचा व्यंगचित्रकार पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होता. ब्रश आणि काळ्या शाईने कागदावरच काढायचा आणि घरूनच स्कॅन करून पाठवायचा. मारबतीच्या दिवशीच्या अंकासाठी त्याने त्या नेत्याचा बडग्या काढला. बडग्याचे पोट रोडरोलरच्या चाकासारखे होते, गळ्यात गट्टूंची माळ होती आणि डोक्यावर ती सत्काराची पगडी होती. डाव्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उभे एक घर, त्याच्या खिडकीतून एक बाई तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल होडीसारखा पाण्यात सोडते आहे, आणि खाली बडग्याच्या पायाशी फलक: ‘रस्ता वर, घर खाली, घेऊन जा गे मारबत!’ चित्र उत्तम होते. आजही माझे तेच मत आहे.

पोळ्याच्या संध्याकाळी कार्यालयात निम्मी माणसे होती. वृत्तसंपादक दोन पाने एकट्याने पाहत होते. पानाची छापील प्रत हाती आल्यावर त्यांनी पेन्सिलीने पगडीभोवती गोल केला, बाजूला ‘पगडी?’ असे लिहिले आणि व्यंगचित्रकाराला फोन लावला. त्याचे म्हणणे असे की पगडी गेली तर हा बडग्या कोणत्याही जाड्या माणसाचा होईल आणि शिवाय पगडीतला फोटो आपणच छापला आहे. दोन्ही मुद्दे खोटे नव्हते. पान सोडायला वीस मिनिटे होती आणि चित्र दुरुस्त करायचे तर नवे स्कॅन मागवावे लागणार होते. पान सुटले.

अडचण

सकाळी आठच्या सुमारास चित्राचा एक तुकडा मोबाइलवर फिरू लागला. कोणीतरी ई-पेपरवरून तो कापला होता. त्यात डावीकडचे घर नव्हते, लाकडी बैल नव्हता आणि खालचा फलकही नव्हता. उरला होता तो पगडी घातलेला बडग्या आणि त्याच्या गळ्यातली माळ. नागपुरात सर्रास लागणारे ते गट्टू नागमोडी कडांचे आणि मध्ये किंचित बारीक असतात. चित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना इतके पुसट झाले की त्या आकाराचे तळवे दिसू लागले. ‘समाजाच्या पगडीला चपलांचा हार’ असा मजकूर त्या तुकड्यासोबत जोडला गेला. मी स्वतः तो तुकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही क्षणभर चपलाच दिसल्या, आणि मी तर मूळ चित्र आदल्या रात्री पाहिलेले होते.

त्यानंतर जे झाले त्याचा साचा महाराष्ट्राला परिचित आहे. टीका झाली होती नेत्यावर. उत्तर देण्यासाठी उभा राहिला तो समाज. नेता स्वतः काहीच बोलला नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी रस्त्याचा ‘र’सुद्धा काढला नाही. दुपारपर्यंत दोनशेहून अधिक फोन आले, दोन वितरकांनी गठ्ठे परत पाठवले आणि समाजाच्या संघटनेने संध्याकाळी पाच वाजता कार्यालयावर धडकण्याचे जाहीर केले.

अकरा वाजता आमच्या डिजिटल विभागाने, कोणालाही न विचारता, ते चित्र ई-पेपरवरून काढून टाकले. हेतू आग विझवण्याचा होता. परिणाम असा झाला की खरे चित्र पाहू इच्छिणाऱ्याला ते कोठेही मिळेना, आणि तो कापलेला तुकडा हीच एकमेव प्रत उरली. ‘काढून टाकले म्हणजे चूक कबूल आहे’ हा अर्थ तर लोकांनी लावलाच.

पुढे असलेले पर्याय

दुपारी एक वाजता निवासी संपादकांच्या खोलीत बैठक झाली. व्यवस्थापनाचे म्हणणे सरळ होते: पहिल्या पानावर बिनशर्त माफी मागावी आणि व्यंगचित्रकाराला काही महिने विश्रांती द्यावी. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर होती, जाहिरातींच्या पुरवण्या ठरलेल्या होत्या आणि त्या समाजातील अनेक व्यापारी नियमित जाहिरातदार होते. हे म्हणणे आम्हाला संपादकीय विभागात क्षुद्र वाटले, पण ज्यांच्या पगाराची सोय त्या पुरवण्यांतून होत होती त्यांत आम्हीही होतो.

दुसरे टोक तरुण सहकाऱ्यांचे होते. एक अक्षरही माघार घ्यायची नाही, पोलिसांकडे संरक्षण मागायचे आणि चित्र दुसऱ्या दिवशी दुप्पट आकारात छापायचे, असे त्यांना वाटत होते. वकिलांनी त्यांना बरेचसे बळही दिले. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती, आणि तिच्या कलम ४९९ च्या अपवादांत लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मत बदनामी ठरत नाही. (१ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आले आहे, समाजांत तेढ निर्माण करण्यासंबंधीच्या जुन्या १५३अ ची जागा कलम १९६ ने घेतली आहे.) असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले की ती चित्रे विनोदशून्य वाटली, तरी भ्रष्टाचाराविषयीचा राग व्यक्त करणाऱ्यावर एवढ्यासाठी राजद्रोह लावता येणार नाही. कायद्याने आमची बाजू भक्कम होती, याबद्दल दुमत नव्हते. पण पाच वाजता फाटकाशी जे येणार होते ते दंड संहितेची प्रत हातात घेऊन येणार नव्हते.

बैठकीत प्रत्येकाच्या मनात सप्टेंबर २०१६ होता. मराठा क्रांती मूक मोर्चांच्या दिवसांत ‘सामना’त आलेल्या एका व्यंगचित्रावरून त्या दैनिकाच्या कार्यालयांवर दगडफेक झाली आणि अखेर उद्धव ठाकरे यांनी जाहीर माफी मागितली. व्यंगचित्रकाराने उभ्या केलेल्या पक्षाच्या मुखपत्रावर ही वेळ येते, तर आपले काय, असा सूर होता. माझ्या मते ही तुलना अर्धवट होती. तेथे आक्षेप मोर्चावरच्या, म्हणजे समाजाच्याच कृतीवरच्या चित्राला होता. आमच्या चित्रात समाज नव्हताच, फक्त त्याची पगडी होती. पण ‘फक्त’ या शब्दातच सगळी गोम होती.

निवासी संपादकांनी २०१२ चे दुसरे उदाहरण काढले. शंकर यांचे १९४९ चे एक चित्र, ज्यात डॉ. आंबेडकर संविधान नावाच्या गोगलगायीवर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात होते. त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि ते वगळले गेले. चित्र काढले तेव्हा त्याचा विषय संविधान बनण्यास लागणारा वेळ हा होता. तेच चित्र सहा दशकांनी अशा वाचकांसमोर गेले ज्यांच्या आठवणीत चाबकाचा अर्थ वेगळा होता. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संपादकांचा मुद्दा असा होता की आक्षेप घेणारा प्रत्येक जण असहिष्णू असतो, हे धरून चाललो तर त्याला खरोखर काय लागले ते आपल्याला कधीच कळणार नाही. आणि प्रत्येक आक्षेप मान्य केला तर चित्र काढता येणार नाही. त्यामुळे आधी ऐकावे, आणि मग ठरवावे की दिलगिरी व्यक्त करायची तर नेमकी कशाची.

प्रत्यक्षात काय केले

पाच वाजता साठ-सत्तर लोक आले. दोन अंक जाळले गेले, घोषणा झाल्या, पोलीस उभे होते. निवासी संपादक स्वतः फाटकाशी गेले आणि पाच जणांना वर बोलावले. टेबलावर त्यांनी दोनच गोष्टी ठेवल्या होत्या: त्या दिवशीचा अंक आणि व्यंगचित्रकाराकडून मागवलेले मूळ चित्र. व्यंगचित्रकारही खोलीत होता. त्याला दूर ठेवावे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. तो न मानणे हा त्या दिवसातला सर्वांत चांगला निर्णय होता, असे मला वाटते.

आलेल्यांत सर्वांत वयस्कर गृहस्थाने चष्मा वर करून कागद जवळ घेतला, माळेवर बोट फिरवले आणि म्हणाले, ‘हे त गट्टू होय ना, साहेब. आमच्या गल्लीत हेच लावले.’ खोलीतला ताण तेथे थोडा उतरला. दुसऱ्याने पाण्यातल्या घराकडे पाहिले आणि आपल्याही घरात दोनदा पाणी शिरल्याचे सांगितले. मग वयस्कर गृहस्थांनीच विचारले, ‘गट्टू समजले. पण पगडी काहून काढली?’

मराठीत चित्र काढतात आणि पगडीही काढतात. त्या प्रश्नात दोन्ही अर्थ होते आणि व्यंगचित्रकाराला दोन्ही ऐकू आले, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. तो म्हणाला की नेता ओळखू यावा म्हणून काढली. त्यावर गृहस्थ म्हणाले की त्याला तर सारे गाव चेहऱ्यावरूनच ओळखते. पगडी त्याची नाही, आमची आहे, आठ दिवसांपूर्वी आम्ही ती त्याच्या डोक्यावर ठेवली एवढेच. या युक्तिवादाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, कारण आदल्या रात्री वृत्तसंपादकांच्या पेन्सिलीने तोच प्रश्न विचारला होता.

त्या रात्री पहिल्या पानासाठी सहा ओळींचा मजकूर तयार झाला. त्यात चार विधाने होती. चित्राचा विषय रस्त्यांची उंची आणि घरांत शिरणारे पाणी हा आहे व त्यावर दैनिक ठाम आहे. बडग्याच्या गळ्यात गट्टूंची माळ आहे, चपलांची नाही. पूर्ण चित्र आतील पानावर पुन्हा दिले आहे. पगडी ही समाजाची खूण आहे, ती एका व्यक्तीवरील टीकेसाठी वापरायला नको होती, आणि तेवढ्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ‘भावना दुखावल्या असल्यास’ हे नेहमीचे शेपूट संपादकांनी खोडले. दुखावल्या आहेत हे समोर बसून ऐकल्यावर ‘असल्यास’ लिहिणे लबाडीचे झाले असते.

व्यंगचित्रकाराची अट होती की आपल्या रेषेबद्दल दुसऱ्याने दिलगिरी मागू नये. शेवटचे वाक्य त्याने स्वतः लिहिले आणि खाली आपली नेहमीची सही केली. पुनर्मुद्रित चित्रात पगडी ठेवायची की नाही, यावर रात्री अकरापर्यंत वाद झाला. ठेवली. जे छापले होते तेच दाखवायचे होते.

परिणाम

दुसऱ्या दिवशीही फोन आले, पण त्यांचा सूर निवळला होता. पोलिसांकडे एक तक्रार अर्ज गेला. त्यावर गुन्हा नोंदवला गेला नाही. जाहिरातींपैकी काही गेल्या, बहुतेक गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत परतल्या. व्यवस्थापनाने व्यंगचित्रकाराला काढण्याचा आग्रह सोडला.

एवढ्यावरून प्रकरण नीट हाताळले गेले, असे म्हणता येईल, आणि तसे म्हटलेही गेले. मला ते पूर्ण पटत नाही. त्या आठवड्यात शहर पगडीवर बोलले, गट्टूंवर बोलले, दैनिकाच्या हेतूवर बोलले. रस्त्याच्या उंचीवर कोणी बोलले नाही. नेत्याला एक शब्दही खर्च करावा लागला नाही. चित्राचा नेम ज्या जागी होता तेथून तो आम्हीच एका तपशिलाने हलवला होता, आणि त्याचा सर्वाधिक फायदा ज्याच्यावर चित्र होते त्यालाच झाला.

दुसरा परिणाम हळूहळू दिसला. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिण्याचा प्रकार आमच्या पानावर सुरू झाला. लेखी आदेश कोणीच काढला नाही. तरी पुढच्या सहा-आठ महिन्यांत त्या चौकटीत स्थानिक नेत्यांचे चेहरे कमी झाले आणि डास, उकाडा, परीक्षा, संत्र्यांचे भाव वाढले. हिवाळी अधिवेशनात, जेव्हा सारे मंत्रिमंडळ सिव्हिल लाइन्समध्ये असते आणि व्यंगचित्रकाराला विषय शोधावे लागत नाहीत, त्या दिवसांतही आमचे बरेचसे विनोद थंडीवर होते. वर्षभरात व्यंगचित्रकाराने रोजचे काम सोडले आणि आठवड्यातून दोनदा देऊ लागला. कारण त्याने तब्येतीचे सांगितले.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

पहिला क्षण अर्थात त्या वीस मिनिटांचा. पगडी ओळखीसाठी हवी आहे, हे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: ही खूण कोणाच्या मालकीची आहे? नेत्याच्या कृतीची खूण चित्रात हवीच. रोडरोलरचे पोट आणि गट्टूंची माळ तेच करत होती. जी खूण त्याच्याइतकीच इतरांचीही आहे, ती चित्रात आली की तो त्या इतरांच्या मागे जाऊन उभा राहतो. धर्म, जात, प्रांत, पेहराव या सर्व बाबतीत हे लागू आहे. यात भित्रेपणा नाही. नेम धरण्याचा हा भाग आहे. मात्र प्रत्येक वेळी खूण वगळावी, असाही नियम करता येणार नाही. एखादा नेता स्वतःच जातीच्या खुणेवर मते मागत असेल, तर ती खूण हाच चित्राचा विषय होतो आणि तेव्हा ती रेखाटलीच पाहिजे.

दुसरा क्षण सकाळी अकराचा. ई-पेपरवरून चित्र काढण्याऐवजी त्याच वेळी पूर्ण चित्र मोठ्या आकारात, गट्टूंचा उल्लेख करून, आम्हीच फिरवायला हवे होते. दुसऱ्या दिवशीचा खुलासा हा बऱ्याच अंशी वरातीमागून आलेला घोडा होता. चोवीस तासांत तुकडा किती फोनांवर पोहोचला याची मोजदाद शक्य नव्हती.

तिसरी गोष्ट चित्रकाराच्या हातातली आहे. बडग्याला फलक गळ्यात बांधतात, कारण गर्दीत पुतळा कोणत्याही बाजूने दिसला तरी फलक सोबत राहावा. आमच्या चित्रात फलक पायाशी होता आणि एका कात्रीत तुटला. पुढे मी ज्या ठिकाणी काम केले तेथे मथळा आकृतीच्या अंगावरच, कापता येणार नाही असा काढण्याचा आग्रह धरला. व्यंगचित्रकारांना तो आवडत नाही. रचनेचा तोल बिघडतो, असे ते म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबर असतात. चित्र पाठवण्यापूर्वी ते फोनवर पुसट करून एकदा पाहणे मात्र कोणालाही जड जात नाही. त्या रात्री कोणी ते केले असते, तर चपला आमच्याच कार्यालयात आधी दिसल्या असत्या.

चौथा मुद्दा नंतरच्या काळाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले. वाद मिटल्यावर आठवडाभरात त्याच रस्त्यांवर, त्याच नेत्याचे, पगडीविना दुसरे चित्र छापायला हवे होते. दिलगिरी फक्त पगडीची आहे, हे सहा ओळींत लिहून भागत नाही. पुढच्या चित्राने ते दाखवावे लागते. व्यंगचित्रकाराने तसे एक कच्चे रेखाटन आणलेही होते. त्यात तोच नेता उघड्या डोक्याने, छत्री धरून, स्वतःच्याच उंच रस्त्याच्या काठावर उभा होता आणि खाली अंगणात उतरायला शिडी मागत होता. वृत्तसंपादकांना ते आवडले. ‘थोडे दिवस जाऊ द्या,’ असे ठरले, आणि ते रेखाटन त्यांच्या टेबलाच्या खणात, पेन्सिलीचा गोल असलेल्या त्या पानाच्या प्रतीसोबत राहिले.